बोटीवरचा पूर्वज आणि भट्टीवरचा पूर्वज

पूर्वजांचा शोध म्हटले की मराठी अभ्यासकाला आठवतात ते कुलवृत्तांत. सनदा, इनामे, मूळ पुरुष, गोत्र, कुलदैवत. ज्यांच्याकडे कागद होते त्यांनी ते वृत्तांत लिहिले, आणि मराठीत तो जणू एक वाङ्मयप्रकारच झाला. जव्हारपुरते बोलायचे तर मुकणे राजघराण्याची वंशावळ चौदाव्या शतकातल्या जयबा मुकण्यांपर्यंत नेता येते. वर्गात आमच्यासमोर बसणाऱ्या वारली, कोकणा, कातकरी मुलांची मात्र बहुधा पणजोबापाशीच थांबते.

या संदर्भात आम्हांला मॉरिशसच्या मराठी माणसांचा विचार करावासा वाटतो. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अ‍ॅटलस' जहाजातून छत्तीस गिरमिटिये पोर्ट लुईला उतरले. पुढे सुमारे साडेचार लाख भारतीय त्या बेटावर उसाच्या मळ्यांत गेले. मुंबई बंदरातूनही जहाजे सुटली आणि त्यांत रत्नागिरीकडची माणसे बरीच होती. ती ज्या धक्क्यावर उतरत तो आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसास्थळ आहे. तिथल्या वसाहती सरकारने प्रत्येकाला क्रमांक दिला. बापाचे नाव, वय, जात, उंची, अंगावरची खूण, गाव, जिल्हा, सारे टिपले. पुढे छायाचित्रेही काढली. हे दप्तर मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आहे, आणि त्याच्या आधारे पाचव्या-सहाव्या पिढीतला वंशज आपल्या मूळ पुरुषाचे गाव शोधू शकतो.

अर्थात ही नोंद आपुलकीने झालेली नव्हती. मजूर पळाला तर ओळखता यावा, एवढाच हेतू. कारकुनाने गावाचे नाव कानाला जसे ऐकू आले तसे लिहिले, त्यामुळे तो शोधही सोपा नसतो. आणखी एक गंमत (गंमत म्हणावी का?) अशी, की आलेल्या माणसाचे पाळण्यातले नावच अनेकदा पुढच्या पिढ्यांचे आडनाव झाले. म्हणजे घराण्याचा आरंभच बोटीपासून. मागचे सारे समुद्रापलीकडे राहिले. तरीही कोकणातल्या जाखडीचा नाच तिकडे 'झाकरी' म्हणून गणपतीत टिकला. दप्तरात माणसाची उंची आहे, पण तो संध्याकाळी काय गात होता हे नाही. ते झाकरीत आहे.

आता इकडे या. दिवाळी सरली, भात झोडून झाले, की जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांतली घरे ओस पडतात. माणसे 'जगायला' जातात: भिवंडी, वसईकडे, वीटभट्ट्यांवर. आधी घेतलेली उचल फेडायची असते. गिरमिट आणि उचल यांतले साम्य सांगायला नको. पण गिरमिटाला निदान क्रमांक होता. उचल शेठच्या वहीत राहते आणि हंगामाबरोबर वहीही जाते. भोंग्यात, म्हणजे भट्टीवरच्या झोपडीत, कोणाचा आजा वारला याची नोंद कोणी शोधायची?

शोधावी तर लागते. जातवैधता प्रमाणपत्रासाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा मागितला जातो. मग मुले शाळेची जुनी रजिस्टरे, गावचे कोतवाल बुक धुंडाळतात. ज्याचा आजा शाळेतच गेला नाही त्याने काय दाखवावे? आमच्या एका विद्यार्थ्याला आज्याचे नाव एका जन्मनोंदीत सापडले, आणि त्यात अक्षर चुकलेले होते. कागदाअभावी कुळ, देव, चालीरीती विचारून आप्तभाव तपासला जातो. ती चाचणी निर्णायक मानता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये म्हटले आहे.

आमचा आक्षेप सरकारी यंत्रणेपेक्षा आपल्या मराठी विभागांवर अधिक आहे. लोकसाहित्याच्या प्रकल्पांत आपण धवलेरीची लग्नगीते गोळा करतो, पण ती गाणारी बाई कोणाची लेक, कोणत्या पाड्याहून आली, तिचा बाप कोणत्या भट्टीवर राबला, हे विचारत नाही. गाण्याखाली 'पारंपरिक' असे लिहून मोकळे होतो. मोक्याच्या दप्तरातला कारकूनही निदान बापाचे नाव विचारत असे.

यंदा पदव्युत्तर वर्गाला आम्ही प्रकल्प दिला आहे तो एवढाच: घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारून, पूर्वी कोण कोण कुठे जगायला गेले आणि कोण परत आले नाही, हे त्यांच्याच बोलीत लिहून आणायचे. पहिल्या आठवड्यात चार वह्या आल्या. त्यांपैकी तिघींत परत न आलेला कोणीतरी आहे.