वीज-स्वातंत्र्य कोणाचे आणि कोणाच्या खर्चाने?

बेंगळूरुच्या रस्त्यांवर विजेचे दिवे ५ ऑगस्ट १९०५ रोजी लागले, याचा या शहराला रास्त अभिमान आहे. मात्र ती वीज मुळात शहरासाठी निर्माण झालेली नव्हती. म्हैसूर संस्थानाने कावेरीवर शिवनसमुद्र येथे जलविद्युत केंद्र उभारले ते कोलारच्या सोन्याच्या खाणींसाठी. १९०२ मध्ये सुमारे दीडशे किलोमीटरची वाहिनी टाकून वीज खाणींपर्यंत नेण्यात आली. शहराच्या वाट्याला ती तीन वर्षांनी आली. खात्रीने पैसे देणाऱ्या एका मोठ्या औद्योगिक ग्राहकाच्या बळावर वाहिन्या उभ्या राहिल्या आणि मग सामान्यांना त्यांचा लाभ झाला. भारतातील वीजव्यवस्थेचा अर्थव्यवहार बव्हंशी याच सूत्रावर चालत आला आहे. आज त्याच बेंगळूरुतील मोठे ग्राहक या सूत्रातून बाहेर पडू पाहत आहेत. सौरऊर्जेला बॅटरीची जोड मिळाल्याने ते आता खरोखरच शक्य होऊ लागले आहे.

त्यांची तक्रार निराधार नाही. उद्योग आणि व्यापारी ग्राहक विजेसाठी तिच्या सरासरी खर्चाहून अधिक दर मोजतात, कारण इतरांच्या सवलतीचा काही भार त्यांच्या देयकात असतो. कर्नाटकात दहा अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना वीज मोफत आहे. २०२३ पासून ‘गृह ज्योती’ योजनेखाली घरगुती ग्राहकांना दरमहा २०० युनिटपर्यंतची वीजही मोफत मिळते. त्यापोटी राज्य सरकार वितरण कंपन्यांना अनुदान देते. तरीही उद्योगांचा दर चढाच राहतो. एवढे पैसे मोजूनही पुरवठ्याची हमी नाही. २०२३ च्या दुष्काळात जलाशय रिते राहिले, मागणी वाढली आणि राज्याला विद्युत कायद्याच्या कलम ११ चा आधार घेऊन खासगी वीजनिर्मात्यांना आपली वीज राज्याच्या जाळ्यालाच देण्यास भाग पाडावे लागले. अशा स्थितीत डिझेल जनरेटरवर विसंबणाऱ्या कारखानदाराला सौर पॅनेल आणि बॅटरी आकर्षक वाटली, तर नवल ते काय?

पण आजवर ज्याला स्वातंत्र्य म्हटले गेले, त्याचे स्वरूप तपासून पाहायला हवे. एक किलोवॉट सौर क्षमतेसाठी साधारण शंभर चौरस फूट मोकळे छत लागते आणि त्यातून दिवसाला चारेक युनिट वीज मिळते. बहुमजली कार्यालयाची गरज त्याच्या छतावरून भागणे अशक्य. म्हणून बेंगळूरुच्या कंपन्या छत सोडून दूरच्या कोरडवाहू तालुक्यांकडे वळल्या. इन्फोसिसने तुमकुरु जिल्ह्यातील सिरा येथे स्वतःचा सौर प्रकल्प उभारला. राज्याच्या धोरणानेही याला हात दिला. कर्नाटक वीज नियामक आयोगाने २०१४ मध्ये असे ठरवले, की मार्च २०१८ अखेरपर्यंत सुरू होणाऱ्या सौर प्रकल्पांना वहन आकार, बँकिंग आकार आणि क्रॉस सबसिडी अधिभार यांतून दहा वर्षे सूट मिळेल. मुदत गाठण्यासाठी शेवटच्या महिन्यांत प्रकल्पांची एकच धांदल उडाली.

या व्यवस्थेची किल्ली ‘बँकिंग’ या शब्दात आहे. दुपारची जादा वीज जाळ्यात ‘जमा’ करायची आणि रात्री किंवा पावसाळ्यात ती ‘काढून’ घ्यायची. हिशेबाच्या वहीत हे सोपे दिसते. पण वीज पोत्यात भरून ठेवता येत नाही. दुपारी वीज मुबलक असताना जमा झालेल्या युनिटची परतफेड वितरण कंपनी संध्याकाळी करते, ती त्या वेळची महाग वीज देऊन. म्हणजे कंपन्या स्वतंत्र झाल्या त्या सार्वजनिक जाळ्याच्या खांद्यावर बसून. कागदोपत्री त्यांची बॅटरी बेसकॉमच होती.

खऱ्या बॅटरीने हे चित्र बदलते आहे, ते तिच्या घसरत्या किमतीमुळे. भारतीय सौरऊर्जा महामंडळाच्या २०२२ च्या निविदेत बॅटरी साठवणुकीचा दर दरमहा प्रति मेगावॉट सुमारे १०.८ लाख रुपये होता. २०२४ च्या अखेरीस राजस्थानातील निविदेत तो केंद्राच्या अर्थसाह्यासह सव्वादोन लाखांच्या आसपास आला. दुसरीकडे, केंद्राच्या २०२३ च्या नियमांनी औद्योगिक आणि व्यापारी ग्राहकांसाठी वेळेनुसार दराचा मार्ग खुला केला: सौर तासांत किमान २० टक्के स्वस्त, सर्वाधिक मागणीच्या तासांत किमान २० टक्के महाग. दुपारी साठवावे आणि सूर्यास्तानंतर वापरावे, हा आता व्यावहारिक हिशेब झाला आहे. अर्थात, दोन-चार तासांची बॅटरी संध्याकाळ निभावून नेते. आषाढातील आठवडाभराचे ढग नव्हे. तेव्हा दारात जाळे हवेच.

खरा प्रश्न इथे उभा राहतो. भांडवल असलेली कंपनी बॅटरी बसवेल, जाळ्यातून घेतलेले युनिट कमी करील, पण जोडणी कायम ठेवील. वितरण कंपनीचे दीर्घ मुदतीचे वीजखरेदी करार, उपकेंद्रे, वाहिन्या यांचा खर्च मात्र कमी होणार नाही. तो उरलेल्यांवर पडेल. हे उरलेले म्हणजे पीन्या औद्योगिक वसाहतीतील भाड्याच्या शेडमध्ये दोन-चार यंत्रे चालवणारा लघुउद्योजक. छत त्याच्या मालकीचे नाही, तारण ठेवण्याजोगी मालमत्ता त्याच्याकडे नाही. दर वाढला की थोडी ऐपत असलेले आणखी काही ग्राहक बाहेर पडतील आणि उरलेल्यांचा दर पुन्हा वाढेल.

याला दोन सोपी उत्तरे दिली जातात आणि दोन्ही चुकीची आहेत. पहिले, अधिभार वाढवून मोठ्या ग्राहकांना कोंडून ठेवणे. बॅटरी स्वस्त होत असताना अधिभार जितका चढेल तितकी सुटकेची घाई वाढेल. दुसरे उत्तर, सारे बाजारावर सोडून द्यावे. तसे केल्यास शेतकरी आणि लघुउद्योजक जिच्यावर विसंबून आहेत, ती व्यवस्थाच पोकळ होईल.

त्यापेक्षा बॅटरीला जाळ्याची भागीदार करावे. त्यासाठी सवलतीचा भार आधी दरांतून काढून उघडपणे अर्थसंकल्पात आणायला हवा. क्रॉस सबसिडी टप्प्याटप्प्याने कमी करण्याचे वचन २००३ च्या विद्युत कायद्यानेच दिले होते. मोफत वीज द्यायची की नाही हा राजकीय निर्णय आहे. तिचे मूल्य विधिमंडळासमोर यावे, पीन्यातील कारखान्याच्या देयकात दडू नये. त्याबरोबरच, जो ग्राहक जाळे केवळ अडीनडीसाठी राखतो, त्याने त्या हमीचा वाजवी स्थिर आकार द्यावा. मात्र त्याची बॅटरी संध्याकाळी जाळ्याला वीज देत असेल, तर त्याचा मोबदलाही मिळावा. आणि बॅटरी ही केवळ श्रीमंत कंपनीची मालमत्ता राहू नये. औद्योगिक वसाहतीच्या उपकेंद्रावर सामायिक बॅटरी उभारून लघुउद्योजकांना तिचा वाटा मासिक भाड्याने देता येईल. वैयक्तिक कर्ज त्यांना मिळत नाही. सामूहिक सुविधेला मिळू शकते.

यासाठी नियमांत स्थैर्य मात्र हवे. केंद्राने २०२२ मध्ये हरित ऊर्जेच्या मुक्त प्रवेशाची मर्यादा एक मेगावॉटवरून शंभर किलोवॉटवर आणली, तेव्हा मध्यम उद्योगांनाही दार उघडले. डिसेंबर २०२४ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाच्या एकल न्यायपीठाने, हा अधिकार केंद्राचा नाही, असे सांगून ते नियम रद्द केले. निकाल संघराज्याच्या दृष्टीने कसाही पाहा. पंचवीस वर्षांचा प्रकल्प दोन वर्षांच्या नियमावर उभा राहत नाही, एवढे खरे. महाराष्ट्रातही २०२५ च्या दर आदेशातील सौर तासांवरून उद्योगांनी असाच आक्षेप घेतला: दुपारची छतावरची वीज रात्रीच्या वापरातून वजा होणार नसेल, तर आमचे गणित कोणी बिघडवले?

‘स्वातंत्र्य’ हा शब्द वापरताना आणखी एक भान हवे. जगातील तीन चतुर्थांशांहून अधिक लिथियम सेल चीनमध्ये तयार होतात. केंद्राने २०२१ मध्ये सेलनिर्मितीसाठी १८,१०० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना जाहीर केली. उद्दिष्ट होते ५० गिगावॉट-तास क्षमतेचे. ते अजून दूर आहे. डिझेलचे परावलंबन सोडून सेलचे पत्करायचे, तर निदान ते डोळसपणे.

कर्नाटकच्या सध्याच्या दर आदेशाची मुदत मार्च २०२८ मध्ये संपते. २०१८ पूर्वी धावपळ करून सुरू झालेल्या शेवटच्या प्रकल्पांची दहा वर्षेही तेव्हाच भरतात. तोवर बॅटरी आणखी स्वस्त झालेली असेल आणि मोठ्या कंपन्यांनी आपापला निर्णय घेतलेला असेल. नियामक आयोगाने त्यांच्या मागून फरफटत न जाता, जाळ्याचा खर्च कोण आणि कसा उचलणार याचे वेळापत्रक त्याआधीच जाहीर करावे. खाणमालकांसाठी टाकलेली वाहिनी शहराच्या उपयोगी पडली, कारण ती सार्वजनिक होती. बॅटरीच्या बाबतीत तसे घडायचे असेल, तर ते ठरवून घडवावे लागेल.