सर्वांना मुदत, राजभवनाला मोकळीक

विधेयकावर राज्यपालांनी किती दिवसांत निर्णय घ्यायचा हे न्यायालय ठरवू शकत नाही. राष्ट्रपतींसाठीही ठरवू शकत नाही. आणि कितीही दिवस गेले तरी संमती मिळाली असे मानता येत नाही. तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने गुरुवारी, 20 नोव्हेंबर 2025 रोजी, एकमताने दिलेल्या मताचा हा गाभा. त्याभोवती संघराज्य, संवाद, घटनात्मक सौहार्द यांची आरास आहे. ती बाजूला केली की दिसते ते इतकेच, की लाखो मतदारांनी निवडून दिलेल्या विधानसभेचे विधेयक एका नियुक्त गृहस्थाच्या टेबलावर पडून राहणार असेल तर राहो. न्यायालय फार तर दारावर टकटक करील.

राज्यपालांना विधेयक कायमचे दाबून ठेवता येणार नाही, संमती द्यायची नसेल तर शेऱ्यासह ते सभागृहाकडे परत पाठवावे लागेल, असेही पीठ म्हणते. पण हे नोव्हेंबर 2023 मध्ये पंजाबच्या प्रकरणात याच न्यायालयाने सांगून झाले होते. तेव्हा तमिळनाडूच्या राज्यपालांनी काय केले? निकाल 10 नोव्हेंबरचा. वर्षानुवर्षे पडून असलेली दहा विधेयके रवी महोदयांनी 13 नोव्हेंबरला नाकारली. विधानसभेने 18 तारखेला ती पुन्हा मंजूर केली, तर 28 तारखेला दहाही विधेयके राष्ट्रपतींकडे रवाना. ज्यांना दोन वर्षांत लेखणी सापडली नव्हती त्यांना पंधरवड्यात दोनदा सापडली. राज्यपाल हे पद न्यायालयाच्या उपदेशाला कसा प्रतिसाद देते, याचा इतका ताजा आणि इतका उघडा पुरावा डोळ्यांसमोर असताना घटनापीठाने पुन्हा उपदेशाचाच मार्ग निवडावा?

मुदतीविना विलंब झालाच तर काय, याचे पीठाने दिलेले उत्तर असे: विलंब दीर्घ, अनिश्चित आणि विनाकारण असेल तर राज्य न्यायालयात येऊ शकते आणि न्यायालय राज्यपालांना ‘वाजवी मुदतीत’ निर्णय घ्या, इतपत मर्यादित आदेश देऊ शकते. निर्णय कोणता, यावर चकार शब्द काढायचा नाही. वाजवी मुदत! महाराष्ट्राला हे औषध चांगलेच परिचयाचे आहे. राज्यपालनियुक्त बारा आमदारांची यादी महाविकास आघाडी सरकारने नोव्हेंबर 2020 मध्ये तत्कालीन राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांच्याकडे पाठवली. ऑगस्ट 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले, की शिफारशींवर वाजवी मुदतीत निर्णय घेणे हे राज्यपालांचे घटनात्मक कर्तव्य आहे आणि आठ महिने पुरेसे झाले. राज्यपाल न्यायालयाला उत्तरदायी नसल्याने थेट आदेश मात्र नाही, फक्त अपेक्षा. पुढे काय झाले? काहीही नाही. सरकार पडले, नव्या सरकारने सप्टेंबर 2022 मध्ये ती यादीच मागे घेतली. जून 2020 पासून रिकाम्या असलेल्या त्या जागांपैकी सात भरल्या गेल्या त्या ऑक्टोबर 2024 मध्ये, आणि सातजणांनी शपथ घेतली त्याच दुपारी विधानसभा निवडणूक जाहीर झाली. राजभवनात घाई आणि दिरंगाई यांचे वेळापत्रक कोण ठरवते, हे मराठी वाचकाला आता वेगळे समजावून सांगायला नको. 23 नोव्हेंबर 2019 रोजी पहाटे पावणेसहाला राष्ट्रपती राजवट उठली आणि लोक चहा घेत होते तोवर देवेंद्र फडणवीस यांचा शपथविधीही उरकला, तेव्हा या पदाची कार्यक्षमता अवघ्या देशाने पाहिली आहे.

त्याच प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने काय केले होते, हेही आठवावे. 26 नोव्हेंबरला न्यायालयाने राज्यपालांनाच, विनंतीच्या भाषेत का होईना, सांगितले की दुसऱ्याच दिवशी बहुमत चाचणी होईल असे पाहा. हंगामी अध्यक्ष नेमा, आमदारांच्या शपथा सायंकाळी पाचच्या आत उरका, गुप्त मतदान नको, थेट प्रक्षेपण करा. दिवस ठरवला, वेळ ठरवली, पद्धत ठरवली. घटनेच्या कोणत्या अनुच्छेदात सायंकाळी पाच लिहिले आहे? कोणत्याच नाही. तरीही न्यायालयाने ती वेळ लिहिली, देवेंद्र फडणवीस यांनी त्याच दिवशी राजीनामा दिला आणि घटना काही कोसळली नाही. घटनेत मुदत नाही म्हणून न्यायालयाने ती घालू नये, हा गुरुवारचा सिद्धांत तेव्हा कुठे होता?

बरे, 2019 जुने म्हणून सोडून देऊ. 11 मे 2023 च्या शिवसेना फुटीच्या निकालात घटनापीठाने आमदारांच्या अपात्रतेचा प्रश्न विधानसभा अध्यक्षांकडे सोपवला, तोही ‘वाजवी मुदतीत’ निकाली काढा असे सांगून. मे गेला, पावसाळा गेला, गणपती गेले. अध्यक्ष राहुल नार्वेकर यांची वाजवी मुदत काही संपेना. अखेर वैतागलेल्या त्याच न्यायालयाला 31 डिसेंबर ही तारीख घालून द्यावी लागली, मग ती 10 जानेवारी 2024 पर्यंत वाढवावी लागली, आणि निर्णय आला तो 10 जानेवारीलाच. तारीख घातली नव्हती तोवर निर्णय नव्हता. तारीख घातली, निर्णय आला. याहून स्पष्ट प्रयोग प्रयोगशाळेतही होत नाही.

आणि हेही जुने वाटत असेल तर 2025 च्या 31 जुलैकडे पाहा. तेलंगणातील दहा पक्षांतरित आमदारांच्या प्रकरणात न्यायालयाने तिथल्या विधानसभा अध्यक्षांना तीन महिन्यांची मुदत घातली. कोणी? सरन्यायाधीश गवई यांच्याच पीठाने. पक्षांतरबंदीच्या दहाव्या परिशिष्टातही मुदतीचा उल्लेख नाही. त्याआधी 2020 मध्ये मणिपूरच्या प्रकरणात न्या. रोहिंटन नरिमन यांच्या पीठानेही असामान्य परिस्थिती नसेल तर तीन महिने, असे म्हटले होते. विधानसभा अध्यक्ष हा निवडून आलेला, सभागृहाने निवडलेला माणूस. त्याला घड्याळ दाखवता येते. राज्यपाल हा केंद्राच्या मर्जीने आलेला आणि केंद्राच्या मर्जीने जाणारा. त्याला दाखवता येत नाही! तराजूत कोणते पारडे जड आहे हे सांगायला घटनापंडित लागत नाही.

घटनाकारांनी मुद्दामच मुदत घातली नाही, हा युक्तिवाद सॉलिसिटर जनरलांपासून केंद्राच्या बाजूच्या सर्वांनी केला. राष्ट्रपतींसाठी मसुद्यात सहा आठवड्यांची मुदत होती आणि ती काढून ‘शक्य तितक्या लवकर’ हे शब्द आले, हे खरे आहे. घटना समितीत ह. वि. कामथ यांनी तेव्हाच हरकत घेतली होती. पण शक्य तितक्या लवकर म्हणजे सोयीनुसार, असे त्या सभागृहात कुणाच्या स्वप्नातही नसावे. राज्यपालाला स्वतःहून पार पाडायचे असे कार्यच नाही, असे बाबासाहेब तिथेच बजावत होते. 1974 च्या समशेर सिंग खटल्यात सात न्यायमूर्तींनी तेच अधोरेखित केले. आता पाच न्यायमूर्ती सांगतात, की विधेयकाबाबत तीनपैकी कोणता पर्याय निवडायचा यात राज्यपाल मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने बांधलेले नाहीत. म्हणजे मुदत नाही आणि सल्ल्याचे बंधनही नाही. दुहेरी सूट.

आणि केंद्राचा कांगावा तर पाहण्यासारखा. सरकारिया आयोगाने 1988 मध्ये मुदती सुचवल्या, पुंछी आयोगाने 2010 मध्ये राज्यपालांसाठी सहा महिने सुचवले, आणि खुद्द केंद्रीय गृह मंत्रालयाने 2016 च्या कार्यालयीन ज्ञापनात राज्यांची विधेयके तीन महिन्यांत निकाली काढावीत असे लिहून ठेवले. ज्या सरकारने स्वतःसाठी तीन महिने लिहिले त्याच सरकारला न्यायालयाने एप्रिल 2025 मध्ये तमिळनाडूच्या प्रकरणात तेच तीन महिने लिहिताच लोकशाही धोक्यात दिसली. तत्कालीन उपराष्ट्रपती जगदीप धनखड यांनी न्यायालयाला विशेष अधिकार देणाऱ्या अनुच्छेद 142 ला अण्वस्त्राची उपमा दिली, आणि पाठोपाठ चौदा प्रश्नांचा राष्ट्रपतींचा संदर्भ न्यायालयात दाखल झाला. निकालाच्या फेरविचाराची याचिका करायची नाही, दोन न्यायमूर्तींचा निर्णय सल्ल्याच्या वाटेने पाच जणांकडून गुंडाळून घ्यायचा, ही क्लृप्ती होती आणि ती साधली. आपण अपील ऐकत नाही, असे पीठाने म्हटले खरे. परिणाम अपिलाचाच झाला.

8 एप्रिल 2025 च्या त्या निकालात न्या. पारडीवाला आणि न्या. महादेवन यांनी दहा विधेयकांना थेट मानीव संमती दिली, ती उडी लांब होती हे मान्य करू. पण उडी लांब झाली म्हणून रस्ताच बंद? आणि मानीव हा प्रकार इतका अघटित आहे का? बिल्डर इमारतीखालची जमीन सोसायटीच्या नावे करत नाही म्हणून महाराष्ट्राच्या कायद्याने मानीव अभिहस्तांतरण आणले. चुकार पक्षाच्या सहीवाचून दुसऱ्याचा हक्क अडू नये, एवढेच त्यामागचे तत्त्व. गृहनिर्माण सोसायटीच्या सचिवाला जे संरक्षण कायद्याने आहे ते निवडून आलेल्या विधानसभेला मात्र नाही. मानीव संमती नकोच असेल तर नको. निदान मुदत तरी ठेवायची होती, आणि ती चुकली तर राजभवनाला कारण सांगायला लावायचे होते. तेही नाही.

गंमत अशी, की मुदतीचे महत्त्व न्यायालयाला उत्तम कळते. न्यायवृंदाने सुचवलेली न्यायाधीशांची नावे केंद्र सरकार दाबून ठेवू लागले तेव्हा एप्रिल 2021 मध्ये याच न्यायालयाने सरकारसाठी आठवड्यांचा हिशेब लिहून दिला: गुप्तचर विभागाला चार ते सहा, सरकारला आठ ते बारा, आणि न्यायवृंदाने नाव पुन्हा पाठवले तर तीन ते चार आठवड्यांत नियुक्ती. तेही घटनेत कुठे लिहिलेले नव्हते. आपल्या फायली अडल्या तेव्हा कॅलेंडर आठवले. विधानसभांच्या अडल्या तेव्हा अधिकारविभाजन. अर्थात सरकारने ते कॅलेंडरही पाळले नाहीच. न्या. संजय किशन कौल त्याचा पाठपुरावा करत होते, तर डिसेंबर 2023 मध्ये, त्यांच्या निवृत्तीच्या तोंडावर, ते प्रकरण कामकाजाच्या यादीतून अचानक गायब झाले. काही गोष्टी न बोललेल्याच बऱ्या, अशा आशयाचे काहीतरी ते म्हणाले आणि विषय तिथेच थांबला. ज्यांना आपल्या घरातली अवज्ञा रोखता आली नाही ते तमिळनाडू, केरळ, पश्चिम बंगालच्या मदतीला धावतील ही अपेक्षाच बहुधा भाबडी.

शिवाय मुदत हा शब्द काढला की न्यायालयालाही आरशासमोर उभे राहावे लागते. नार्वेकरांच्या निर्णयाविरुद्धचे आव्हान जानेवारी 2024 मध्ये दाखल झाले. ती विधानसभा विसर्जित झाली, नवी निवडून आली, नवे सरकार आले, आणि जे आमदार पात्र की अपात्र हा प्रश्न होता त्यांचा कार्यकाळच संपून गेला. पक्ष आणि धनुष्यबाण कुणाचे, हेही फेब्रुवारी 2023 पासून भिजत पडले होते. महाराष्ट्रातील बहुतेक महापालिका आणि जिल्हा परिषदा 2022 पासून प्रशासकांच्या हाती होत्या, कारण ओबीसी आरक्षणाचा वाद न्यायालयात लटकला. 2025 च्या 6 मे रोजी ‘चार महिन्यांत निवडणुका घ्या’ असा आदेश झाला आणि मग तो 31 जानेवारी 2026 पर्यंत लांबला. कोट्यवधी नागरिकांना तीन वर्षांहून अधिक काळ नगरसेवक नव्हता. न्यायालयीन विलंब हा त्याचा एकमेव नसला तरी मोठा वाटेकरी. अशा संस्थेला राज्यपालांच्या दिरंगाईत काही विशेष खटकत नसेल तर त्यात नवल ते काय?

सरन्यायाधीश गवई 23 नोव्हेंबर 2025 रोजी निवृत्त झाले. त्यांचे वडील रा. सू. गवई विधान परिषदेचे सभापती होते आणि पुढे बिहार व केरळचे राज्यपालही. सभागृह आणि राजभवन या दोन्ही बाजू या घराने जवळून पाहिल्या आहेत. शेवटच्या आठवड्यातील या मताने त्यांनी सभागृहापेक्षा राजभवनाला झुकते माप दिले. दुसऱ्या दिवशी न्या. सूर्य कांत यांनी त्यांची जागा घेतली. तेही याच पीठावर होते.

तेव्हा उद्या एखाद्या राज्याचे विधेयक अडले तर मार्ग असा: आधी पुरेसा काळ जाऊ द्यायचा, कारण लवकर गेलात तर विलंब दीर्घ नाही. मग याचिका करायची, विलंबाला कारण नाही हे दाखवून द्यायचे, तारखा घ्यायच्या. त्यानंतर मिळणार तो मर्यादित आदेश, वाजवी मुदतीत निर्णय घ्या असा. तो मानून राज्यपाल विधेयक राष्ट्रपतींकडे पाठवू शकतात, आणि तिथे तर कसलीच मुदत नाही. महिलांवरील अत्याचारांसाठी फाशीपर्यंतची शिक्षा सुचवणारे महाराष्ट्राचे शक्ती विधेयक डिसेंबर 2021 मध्ये दोन्ही सभागृहांनी एकमताने मंजूर करून त्याच वाटेने धाडले होते. तीन वर्षे उलटली तरी त्याचा कायदा झाला नाही.