सुट्टीतले गणित आणि घरातली अडीचकी



मे महिन्याची सुट्टी लागली की आजी-आजोबांबरोबर नातवंडेही दवाखान्यात येऊ लागतात. गेल्या वर्षी असाच सातवीतला एक मुलगा आला होता. आजोबांना रोज 20 युनिट इन्सुलिन. पथ्य सांभाळलेले, इंजेक्शन एकदाही चुकलेले नाही, तरी साखर चढतच होती. मी मात्रा वाढवण्याच्या विचारात असताना मुलगा म्हणाला, “डॉक्टरकाका, बाटली वीस दिवसांत संपायला हवी होती. आज पंचविसावा दिवस, आणि ती अजून अर्धी आहे.”

सुट्टीचा अभ्यास म्हणून आईने त्याला घरातल्याच वस्तूंवर रोज एक उदाहरण रचायला सांगितले होते. बाटलीत 10 मिलिलिटर औषध, प्रत्येक मिलिलिटरमध्ये 40 युनिट; एकूण 400. त्याला भागिले 20.

मी घरून सिरिंज मागवली. इन्सुलिन 40 चे आणि सिरिंज मात्र 100 ची निघाली. तिच्यावरील 20 ची खूण म्हणजे 0.2 मिलिलिटर, त्यात 40 च्या इन्सुलिनचे अवघे 8 युनिट मावतात. आजोबांना अडीचपट कमी औषध मिळत होते. मी मात्रा वाढवली असती आणि पुढे योग्य सिरिंज हाती आली असती, तर साखर धोकादायकरीत्या उतरली असती. तसेच 100 चे इन्सुलिन 40 च्या सिरिंजने घेतले, तर अडीचपट जास्त औषध शरीरात जाते. ते जिवावर बेतू शकते. 40 च्या सिरिंजचे टोपण सहसा लाल, 100 च्या सिरिंजचे नारिंगी असते. तथापि रंगावर विसंबू नये. बाटलीवरील आणि सिरिंजवरील आकडा जुळतो का, हे दर वेळी पाहावे.

आपल्यापैकी अनेकांनी पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी तोंडपाठ केली असेल. ते धन या सुट्टीत नातवंडांना द्या. सकाळची वीस मिनिटे पुरेत. अर्धी गोळी दिवसातून दोनदा, तर 15 गोळ्या किती दिवस पुरतील? आठवड्यातील उपाशीपोटीच्या साखरेची सरासरी किती? इन्सुलिनची बाटली आज उघडली, तर चार आठवडे कोणत्या तारखेला पूर्ण होतील? (त्यानंतर ती सहसा वापरू नये.) मनगटावरची नाडी 15 सेकंद मोजून चारने गुणावी, मग पूर्ण मिनिट मोजून ताळा करावा. ठोके अनियमित वाटले, तर डॉक्टरांना कळवावे.

दोन पथ्ये मात्र पाळा. हिशेब मुलांनी करावा, मात्रा ठरवू नये. सुई तर त्यांच्या हाती देऊच नये. आणि उत्तर चुकले म्हणून रागावू नका. कसे काढले, ते विचारा. आयुष्यभर चोख हिशेब ठेवणारी व्यक्ती या खेळात साध्या वजाबाकीलाच वारंवार अडखळू लागली, तर तेही वयावर न ढकलता डॉक्टरांना सांगावे.

त्या दिवशी मी मात्रा वाढवली नाही. फक्त सिरिंज बदलून दिली आणि रोज साखर तपासून लिहून ठेवायला सांगितले. पंधरवड्याने आजोबा वही घेऊन आले. साखर उतरली होती, आणि आलेख नातवाने काढला होता.