डिकीतला बॉम्ब
रहस्यपटाची पहिली पाच मिनिटे म्हणजे दिग्दर्शकाची खरी परीक्षा. प्रेक्षक अजून खुर्चीत नीट टेकलेलाही नसतो. बहुतेक दिग्दर्शक अशा वेळी एखादा खून दाखवतात, नाहीतर किंकाळी ऐकवतात. ऑर्सन वेल्सने मात्र १९५८ साली पडद्यावर आलेल्या ‘टच ऑफ इव्हिल’मध्ये प्रेक्षकाला नुसते ताटकळत ठेवले.

सुरुवातीला दिसतात ते टाइमबॉम्बची वेळ लावणारे दोन हात. तो माणूस पळत जाऊन बॉम्ब एका मोटारीच्या डिकीत ठेवतो. लगेच मोटारीचा मालक मैत्रिणीला घेऊन येतो आणि गाडी निघते. क्रेनवरचा कॅमेरा उंच चढून तिच्यामागे. जागा मेक्सिकोच्या सरहद्दीवरचे गाव (चित्रण झाले कॅलिफोर्नियातल्या व्हेनिसमध्ये!), वेळ रात्रीची. त्याच रस्त्याने चार्लटन हेस्टन आणि जॅनेट ली हे नवविवाहित जोडपे रमतगमत चालले आहे. गाडी कधी त्यांच्या पुढे, कधी मागे. मध्येच शेळ्यांचा कळप आडवा येतो. सरहद्दीच्या नाक्यावर गाडीतली बाई कुरकुरते, डोक्यात सारखी टिकटिक होतेय म्हणून! तिच्याकडे कुणी लक्ष देत नाही. गाडी पुढे जाते, जोडपे चुंबन घेते आणि स्फोट होतो.

हे सगळे सुमारे सव्वातीन मिनिटे, एकाच शॉटमध्ये, कुठेही न तोडता. कात्री लावली की सिनेमात वेळेची लबाडी करता येते. एका मिनिटाची पाच मिनिटे होतात. इथे ती सोयच नाही. डिकीतले घड्याळ आणि प्रेक्षकाच्या मनगटावरचे घड्याळ बरोबरीने चालते. त्यासाठी कॅमेरामन रसेल मेटीची क्रेन, मोटार, माणसे, शेळ्या, सगळ्यांचा मेळ जमायला हवा. शेवटी एकजण चुकला की पुन्हा पहिल्यापासून. नाक्यावरच्या अधिकाऱ्याचे काम करणारा नट शेवटची वाक्येच विसरायचा आणि त्यात पहाट होत आली, असा किस्सा सांगतात.

वेल्सने आवाजाचाही विचार केला होता. प्रत्येक बारच्या दारातून वेगळे गाणे आणि त्यात मिसळणारा मोटारीचा रेडिओ, एवढेच संगीत त्याला हवे होते. पण संकलनाच्या वेळी युनिव्हर्सल स्टुडिओने चित्रपट त्याच्या हातून काढून घेतला. या शॉटवर श्रेयनामावली झळकली, वर हेन्री मॅन्सिनीचे संगीत आले. संगीत ठसकेबाज होते यात शंका नाही, पण टिकटिक त्याखाली दबली. डिसेंबर १९५७ मध्ये वेल्सने स्टुडिओला ५८ पानांचे टिपण लिहून काय बदलायला हवे ते कळवले. त्यातले फारच थोडे ऐकले गेले.

१९९८ साली वॉल्टर मर्च या संकलकाने त्या टिपणाबरहुकूम चित्रपट पुन्हा जुळवला. नावे शेवटी गेली, मॅन्सिनीचे संगीत या शॉटवरून उतरले. ते पाहायला वेल्स नव्हता. तो १९८५ मध्येच वारला. या आवृत्तीत मोटार पडद्याबाहेर गेली तरी तिचा रेडिओ ऐकू येतो. ती जवळ आली की दूर गेली, ते डोळे मिटूनही कळते.