नाट्यगृहाचा खर्च नकाशातच ठरतो

1961 साली रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीनिमित्त देशात ठिकठिकाणी सरकारी नाट्यगृहे उभारण्याचे काम हाती घेण्यात आले. हैदराबादचे रवींद्र भारती, बंगळूरचे रवींद्र कलाक्षेत्र, चंदीगडचे टागोर थिएटर ही त्यांतलीच. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांनी दौऱ्यावर आलेले मराठी नाटक अशाच एखाद्या सरकारी सभागृहात पाहिले असेल. सार्वजनिक नाट्यगृहांतील गळके छत, बंद दिवे आणि स्वच्छतागृहाचा दर्प यांचा दोष आपण तेथील कर्मचाऱ्यांना देतो. माझ्या मते त्यातला मोठा वाटा नकाशाचा असतो.

प्रेक्षागृहातील दिव्यांचेच पाहा. छत खुर्च्यांपासून तीन मजले उंच, खालची जमीन उतरती, त्यामुळे शिडी टेकत नाही. छताच्या पोकळीत माणसाला चालता येईल असा अरुंद पूल ठेवला असेल तर वीजतंत्री वरून जाऊन दहा मिनिटांत दिवा बदलतो. तो नसेल तर परांची बांधावी लागते, तिच्यासाठी निविदा, निविदेसाठी मंजुरी. मग पंधरा दिवे जाईपर्यंत कोणी हलत नाही. स्वच्छतागृहांचेही तसेच. मध्यंतराच्या पंधरा मिनिटांत सारा प्रेक्षकवर्ग तेथे लोटतो. नळ भिंतीत पुरलेले असले की गळतीसाठी भिंत फोडावी लागते. मागे माणूस शिरेल एवढी मोकळी जागा सोडली असती तर पान्याने काम भागले असते. पणजीसारख्या ठिकाणी, जेथे कला अकादमी मांडवीच्या काठावर आहे, खारी हवा काँक्रीटमधील सळई गंजवते. तेथे सळईवरचा काँक्रीटचा थर सुरुवातीलाच जाड हवा. तो मागाहून वाढवणे फार महाग पडते.

हे अभियंत्यांना ठाऊक नसते असे नाही. अडचण अर्थशास्त्राची आहे. इमारत भांडवली अनुदानातून होते, देखभाल महसुली तरतुदीतून, आणि बहुधा दोन्ही खाती वेगळी असतात. पूल गाळून झालेली बचत बांधणाऱ्याच्या अंदाजपत्रकात त्याच वर्षी दिसते. परांचीचा खर्च पुढची तीस वर्षे दुसऱ्याच्या खात्यात पडतो. (उद्घाटनाच्या कोनशिलेवर देखभाल करणाऱ्याचे नाव मी अद्याप पाहिलेले नाही.)

भाडे वाढवून हा खर्च भरून काढावा, असे काहीजण सुचवतात. पण हौशी संस्थांना आणि परगावच्या महाराष्ट्र मंडळांना परवडावे म्हणून तर हे भाडे कमी ठेवलेले असते. ते वाढले की तिकिटाच्या विक्रीवर न जगणारे नाटक प्रथम बाहेर पडेल, आणि सभागृह लग्नसमारंभांना मिळेल.

म्हणून प्रशासकीय मान्यतेच्या टिपणीत बांधकामखर्चाशेजारी तीस वर्षांच्या देखभालीचा अंदाज, आजच्या मूल्यात, सक्तीचा करावा. आणि नकाशा अंतिम होण्यापूर्वी त्यावर तीन सह्या घ्याव्यात: चालू नाट्यगृहातील एका रंगमंच व्यवस्थापकाची, एका वीजतंत्र्याची आणि एका सफाई पर्यवेक्षकाची.