स्प्रूसच्या मरणाचा हिशेब

जर्मनीतील हार्झ पर्वतावर आज मैलोन्‌मैल करडे, निष्पर्ण खोडांचे खांब दिसतात. काही वर्षांपूर्वी ते स्प्रूसचे सदाहरित अरण्य होते. २०१८ ते २०२० या सलग तीन वर्षांतील अवर्षण आणि त्यापाठोपाठ आलेले साल पोखरणारे भुंगेरे यांनी त्याचा फडशा पाडला. २०२१ च्या वसंतापर्यंत देशभरातील सुमारे पाच लाख हेक्टर वनांची हानी झाली. निसर्गाचा कोप म्हणून हे सोडून देणे सोयीचे असले, तरी या आपत्तीचे बीज माणसानेच पेरले होते.

स्प्रूस हा थंडीचा वृक्ष. लांब हिवाळा, शीतल उन्हाळा आणि ओलसर जमीन त्याला मानवते. म्हणूनच तो स्कँडिनेव्हिया व उत्तर रशियात, तसेच आल्प्स आणि कार्पेथियन पर्वतांच्या उंच उतारांवर आपसूक वाढतो. हिमालयातील त्याचा भाईबंदही साधारणतः दोन हजार मीटरच्या वरच आढळतो. मध्य युरोपच्या सखल भागांत बीच आणि ओक यांचे राज्य होते. खाणी व भट्ट्यांपायी ही वने संपली, तेव्हा अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत झटपट, सरळ वाढणारा स्प्रूस तेथे ओळीने लावण्यात आला. दुसऱ्या महायुद्धानंतर उजाड झालेल्या जमिनींवरही तेच घडले.

हवा थंड होती तोवर हा जुगार पचला. स्प्रूसची मुळे उथळ असतात. पाणी तुटले की त्याची राळ आटते. ही राळच त्याचे चिलखत. ते गळाले की भुंगेरे सालीखाली शिरून अन्नवाहिन्या तोडतात. उष्ण वर्षात त्यांच्या दोन-तीन पिढ्या निपजतात. हार्झमध्ये तर स्प्रूसच्या हक्काच्या उंचीवरील झाडेही त्यांच्या तडाख्यातून सुटली नाहीत.

२०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय वनगणनेनुसार, कार्बन साठवणारी जर्मनीची वने २०१७ नंतर तो सोडू लागली. वनांच्या भरवशावर आखलेली हवामानविषयक उद्दिष्टे त्यामुळे डळमळीत झाली आहेत.

हार्झच्या राष्ट्रीय उद्यानात बरीच मृत खोडे तशीच ठेवली असून त्यांच्या आडोशाने बर्च, रोवन फुटत आहेत. मात्र स्प्रूसवर पोट असलेल्या वनमालकांना मिश्र वनांसाठी कित्येक दशके थांबणे परवडणारे नाही. त्यांना त्या काळात सरकारने आधार दिला नाही, तर पुन्हा एखाद्या झटपट वाढणाऱ्या झाडाच्याच रांगा उभ्या राहतील आणि जुन्या चुकीची पुनरावृत्ती होईल.