हिशेब मागितला म्हणून...

सिनेमा हे प्रस्थापितांचे हत्यार आहे, असे आम्ही भाषणांतून नेहमी सांगतो. पण शंभर वर्षांपूर्वी एका शोषिताने तेच हत्यार हाती घेऊन त्यांना उत्तर दिले होते, हे आमच्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे?

१९१५ मध्ये ग्रिफिथचा ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ हा मूकपट न्यूयॉर्कमध्ये झळकला, तेव्हा बाबासाहेब त्याच शहरात कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. या चित्रपटात काळा माणूस बलात्कारी, आणि कु क्लक्स क्लान ही गोऱ्यांची खुनी टोळी मात्र तारणहार! गोऱ्या अमेरिकेने तो डोक्यावर घेतला. पाच वर्षांनी, १९२० मध्ये, ऑस्कर मिशो या कृष्णवर्णीय दिग्दर्शकाने ‘विदिन अवर गेट्स’ हा मूकपट काढला. ग्रिफिथवर पानेच्या पाने लिहिली गेली. मिशोचे नाव अभ्यासकांपलीकडे कोणी घेत नाही.

सिल्व्हिया लँड्री ही कृष्णवर्णीय शिक्षिका. दक्षिणेतली काळ्या मुलांची शाळा बंद पडू नये म्हणून ती बोस्टनला मदत मागायला जाते. तिचा भूतकाळ शेवटी उलगडतो. तिला वाढवणारा बाप गोऱ्या जमीनदाराचे कूळ. शिकलेली सिल्व्हिया घरचा हिशेब मांडते आणि तो घेऊन बाप जमीनदाराकडे जातो. तेवढ्यात दुसराच एक गोरा खिडकीतून जमीनदाराला गोळी घालतो. आळ येतो बापावर. जमाव तिच्या आईबापाला फासावर लटकवून जाळतो. त्याच वेळी दुसरीकडे एक गोरा सिल्व्हियावर हात टाकतो. ग्रिफिथने काळ्यांच्या माथी मारलेला गुन्हा खरा कोणाचा, हे मिशो असे शेजारी-शेजारी ठेवून दाखवतो.

तो आपल्यांनाही सोडत नाही. चुगली करणाऱ्या एफ्रम या काळ्या नोकराला वाटते, गोरे आपल्याला आपला मानतात. तोच जमाव त्यालाही लटकवतो. कांशीरामजींनी १९८२ मध्ये ‘चमचा युग’ लिहिले. त्यातला चमचा मिशोने साठ वर्षे आधी पडद्यावर आणला होता.

आम्हाला एक गोष्ट खटकते. शाळा वाचते ती एका श्रीमंत गोऱ्या बाईच्या ५० हजार डॉलरच्या देणगीने. बाबासाहेबांनी आम्हाला दया नव्हे, हक्क मागायला शिकवले. तरीही लेखणी हाती आलेल्या घरावरच जमाव का तुटून पडतो, हे या चित्रपटाइतके स्पष्ट क्वचितच कोणी सांगितले असेल. २००६ मध्ये खैरलांजीत चौघांची हत्या झाली, त्या घरातली मुलगीही शिकत होती.

१९१९ च्या शिकागो दंगलीत ३८ माणसे मेली होती. चित्रपटामुळे पुन्हा आग भडकेल म्हणून तेथे त्याला विरोध झाला. पुढे तो नाहीसाच झाला. १९७० च्या दशकात स्पेनमध्ये ‘ला नेग्रा’ नावाने त्याची एकच प्रत सापडली, आणि १९९३ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने ती सावरली. एक प्रत उरली, म्हणून साक्ष उरली. आमच्या मोर्चांच्या, जलशांच्या चित्रफिती आज कोणाच्या कपाटात कुजत आहेत?

सव्वा तासाचा हा चित्रपट इंटरनेटवर फुकट पाहता येतो. यंदाच्या जयंतीला एक संध्याकाळ डीजे बंद ठेवा, बुद्धविहाराच्या भिंतीला पांढरी चादर लावा आणि पोरांना तो दाखवा. मूकपट आहे, पाट्यांचा अर्थ शेजारी बसून एखाद्या शिकलेल्या पोरीने सांगावा.